वज्याच्या तळाचा कागद

श्रावण उताराला लागला की माझा फोन वाजायला लागतो. तो वाजतो मोठ्यानेच, पण पलीकडची बाई हळू बोलते. आधी विचारते, "तूच ना गे ती?" मी हो म्हणते. मग ती जरा थांबते. मागे कुकरची शिट्टी होते, कुणीतरी काहीतरी मागत असतं, दार लोटल्याचा आवाज येतो, आणि मग ती सांगते की मुलीचं वैशाखात लग्न झालं, यंदा तिची पहिली चवथ आहे आणि वजें पाठवायचं आहे. शेवटचं वाक्य सगळ्यांचं सारखंच असतं. "कोणाक सांगू नको हां."

मी कोणाला सांगत नाही. इतकी वर्षं माझा धंदा तोच आहे. नेवऱ्या करणं हे निम्मं काम आणि न सांगणं हे उरलेलं निम्मं.

बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला मुलीच्या माहेराहून तिच्या सासरी फराळाची पाटी जाते, तिला वजें म्हणतात. नेवऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्या, लाडू, चकल्या, शंकरपाळ्या, वर केळ्यांचा घड, नारळ, काकड्या आणि सगळ्यावर नवं कापड. पाटी सासरी पोचली की सासू ती उघडते आणि वाड्यावरच्या, म्हणजे तिथल्या वस्तीतल्या, घराघरांत त्यातलं थोडं थोडं वाटते. म्हणजे ती नेवरी एका घरात खाल्ली जात नाही, सगळ्या वाड्यावर खाल्ली जाते, आणि खाताना प्रत्येक बाई सुनेच्या आईबद्दल आपलं मत बनवते. पारी जाड झाली तर आई आळशी. सारण कमी पडलं तर आई चिकट. तेलाचा वास आला तर सगळं घराणंच तसलं. मुलीला ते पुढे कितीतरी वर्षं ऐकावं लागतं. म्हणून वजें आईच्या हातचं असलं पाहिजे असा नियम आहे. तो कोणी केला मला ठाऊक नाही. करणाऱ्याने स्वतः कधी पोळपाटाला हात लावला नसावा.

आता धारगळच्या हमरस्त्याच्या कडेला माटोळीचं सामान मांडून बायका बसल्यात. गणपतीच्या वर टांगायची ती रानातली फळं, केशरी कवंडळं, हिरव्या सुपाऱ्यांचे घड, निरफणस. जाणाऱ्या गाड्या थांबतात, काच खाली होते, भाव होतो. हवेत ओल्या पानांचा आणि डिझेलचा वास असतो. आमच्या वाड्यावर सकाळपासून घराघरांत नारळ खोवल्याचा आवाज येतो आणि दुपारनंतर वेलचीचा वास. लोकांना या वासाने लहानपण आठवतं. मला मात्र शिसारी येते. सणासुदीचं असं बोलू नये, पण येते. या वासाबरोबर मला आठवतो तो पत्रकांचा पावसाळा.

आमचे हे डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या आणि हे घरी येऊन बसले. आधी वाटलं महिन्या दोन महिन्यांची गोष्ट आहे. मग वाटणं बंद झालं. त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एका बाईने, ती पणजीला सरकारी कचेरीत कामाला, मला अगदी काकुळतीने विचारलं की मुलीचं वजें करून देशील का. सकाळी अंधारात बस पकडायची, संध्याकाळी दिवेलागणीला परत यायचं, त्यात पाटीभर नेवऱ्या कधी करणार ती? मी करून दिल्या. तिने डोळ्यांत पाणी आणून माझे हात धरले. मला वाटलं, अशा कितीतरी आया असतील. पेडण्यात आहेत, डिचोलीत आहेत, सगळ्या सकाळच्या बसला लटकणाऱ्या. आपण त्यांना करून द्यावं. घरातच चूल, घरातच हात, दुकान नको, भाडं नको. फक्त लोकांना कळायला हवं.

ते कळवण्याचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. ज्या माणसाने घरात कधी पाण्याचा तांब्या स्वतः उचलून घेतला नव्हता, तो माझा जाहिरात व्यवस्थापक झाला. पैसे जवळ नव्हतेच, त्यामुळे जे फुकट ते आधी. फळीचा एक तुकडा घासून त्यावर ह्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलं, 'घरगुती पद्धतीचे वजें करून मिळेल'. अक्षर ट्रकच्या मागे लिहितात तसलं, गोल आणि शेपटीवालं. फळी फाटकाला बांधली. बायका फाटकासमोरून जायच्या, फळीकडे न बघता जायच्या. न बघण्यासाठी मान इतकी वळवायच्या की कुणालाही कळावं, हिने वाचलंय.

मग म्हापशाला जाणाऱ्या खासगी बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागच्या काचेवर चिठ्ठी लावली. ड्रायव्हर ह्यांच्या ओळखीचा, त्याने काही घेतलं नाही. मी एकदा मुद्दाम त्याच बसने गेले, बघायला. समोर दोघी बसलेल्या. एकीने मांडीवरच्या मुलाचा फोटो काढला, मग जरा वर करून दुसरा काढला. त्या दुसऱ्यात मूल नव्हतंच, माझी चिठ्ठी होती. त्याच आठवड्यात तिचा फोन आला. मला आनंद झाला आणि रागही आला. चोरून घ्यायला मी काय दारू विकत होते?

देवळातल्या सप्ताहाला भजनी मंडळींसाठी मी ताटं भरून नेवऱ्या पाठवल्या. ह्यांचा हिशेब असा की माइकवर नाव घेतील, सगळा गाव ऐकेल. सगळ्यांनी खाल्ल्या. माइकवर बोलणाऱ्याने तोंड पुसलं आणि सांगितलं, "आजच्या फराळाची सेवा एका भगिनीने केली. देव तिचें बरें करो." हे उठून त्याच्याकडे गेले, नाव का नाही घेतलं विचारायला. तो ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, तुज्या बायलेचां नाव घेतलां तर लोक नेवरी ओळखतले. गेल्या वर्सा आमच्या धुवेच्या वज्यात हीच नेवरी होती." त्याच्या बायकोने मुलीचं वजें माझ्याकडूनच करून घेतलं होतं. हे घरी येऊन हसले. मी हसले नाही.

मी फोनवर स्टेटसला नेवऱ्यांचे फोटो ठेवायचे. तळलेल्या, रांगेने मांडलेल्या. कोणी कोणी बघितलं त्यांची नावं खाली दिसतात. सगळा वाडा बघायचा. एक शब्द कुणी लिहायचं नाही. इतर धंद्यांत म्हणे समाधानी गिऱ्हाईक हीच जाहिरात. ब्लाउज शिवणारीचं गिऱ्हाईक लग्नात मिरवून सांगतं की अमकीने शिवला. मेंदी काढणारीचं गिऱ्हाईक हात पुढे करून दाखवतं. माझं गिऱ्हाईक जितकं समाधानी तितकं जास्त गप्प. नेवरी फसली असती तर निदान मला शिव्या द्यायला तरी कुणी माझं नाव घेतलं असतं.

आणि मग पत्रकं. छापखान्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा उरलेला जाड कागद होता, एका बाजूने गुळगुळीत, तो स्वस्तात मिळाला. मजकूर ह्यांचा. वजें, नेवऱ्या, लाडू, धंद्यापुरता घेतलेला आमचा दुसरा फोन नंबर, आणि सगळ्यात खाली, 'आवडल्यास चार जणींना सांगा'. पत्रकं वाटणार कोण? ह्यांना युक्ती सुचली. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत पदेर घरोघर पाव देतो. त्याच्याइतक्या दारांत तर देवसुद्धा जात नाही. पावाबरोबर एकेक पत्रक देशील का, म्हणून त्याला विचारलं. तो भला माणूस, हो म्हणाला. पण त्या दिवशी पाऊस कोसळत होता. पत्रकं भिजतील म्हणून त्याने सगळा गठ्ठा आमच्याच वाड्यावर संपवला. प्रत्येक घरी पावाच्या पिशवीत मूठमूठ. ज्यांना मी काय करते ते आधीच ठाऊक होतं आणि जे मेले तरी कबूल करणार नव्हते, नेमकं त्यांनाच.

शेजारची सुलभावयनी पत्रक हातात घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसली. वयाने माझ्याहून मोठी, सख्ख्या जावेसारखी. माझ्या तनूला तिने न्हाऊ घातलेलं. ती शेवटची ओळ वाचून पोट धरून हसली. "चार जणींक सांगा? शैले, आमी एकीक तरी सांगतलंव काय?" मग कागद बोटांत चोळून म्हणाली, "कागद मात्र बरो जाड आसा गे. आणीक आसत तर दी, डब्यांक घालूक बरे." मी घरात उरलेलेही तिला दिले. जाहिरात म्हणून छापलेलं चुलीत जाण्यापेक्षा डब्यात गेलेलं बरं, असं मला वाटलं.

त्याच वर्षी तिच्या मेघाचं लग्न झालं होतं, डिचोलीला. वजें अर्थात मी करायचं होतं. सुलभावयनीच्या हाताला संधिवात, पारी लाटायला बसली की बोटं वाकडी व्हायची. तिने मला आपली मुरड दाखवली. नेवरीच्या काठाला जी दुमड घालतात ती मुरड, आणि ती घराघराची वेगळी. कुणाची बारीक, कुणाची रुंद, कुणाची दोरीसारखी. मुलीच्या हाताला जी मुरड येते ती आईची, एवढं सासूला कळतं. म्हणून मी आधी गिऱ्हाइकाची मुरड शिकून घेते आणि मगच करायला बसते. दुसरं एक गुपित मी स्वतः शोधलं. रोज हात चालवणाऱ्या बाईच्या नेवऱ्या सगळ्या सारख्या येतात, जुळ्या बहिणींसारख्या. घरच्या बाईच्या तशा येत नाहीत. म्हणून अधूनमधून एक नेवरी मी मुद्दाम वाकडी करते. एखादीची मुरड सैल सोडते, एखादी जास्त लाल होऊ देते. हे करताना सुरुवातीला हात थांबायचा. चांगलं येत असताना वाईट करायला वेगळं मन लागतं. पण त्याचेच पैसे मिळायचे, त्यामुळे शिकले.

मेघाच्या वज्यातही मी तशाच केल्या, सुलभावयनीच्या मुरडीच्या, थोड्या वाकड्या. डबे तिच्या हाती दिले. पाटी तिने भरली. तळाला कागद घातला की पाटीला तेल लागत नाही, हे कुणालाही ठाऊक आहे. तिने हाताशी असलेला कागद घातला. माझी पत्रकं. गुळगुळीत बाजू वर, म्हणजे छापलेली.

डिचोलीला पाटी रिकामी होईपर्यंत सगळं ठीक चाललं. नेवऱ्या वाटल्या गेल्या, वाखाणल्या गेल्या, मेघाच्या आईचा हात काय हात, असं सगळा वाडा म्हणाला. मग मेघाची धाकटी नणंद पाटी धुवायला मोरीवर घेऊन गेली आणि तळाचा कागद वाचत बाहेर आली. तेल पिऊन अक्षरं आणखीच ठळक झालेली. 'घरगुती पद्धतीचे वजें करून मिळेल.' मेघाने मला हे पुढे कधीतरी सांगितलं. म्हणाली, काकी, सगळ्या हसू दाबून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मला उभं राहायला जागा सुचेना.

सुलभावयनी दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या अंगणात आली. पायरीवर बसली नाही.

"तुका जायरात करूक माझ्याच धुवेचां वजें मेळ्ळां?"

मला आधी कळलंच नाही. तिने सांगितल्यावर कळलं. मी म्हटलं, "वयनी, मी डबे दिलंय. पाटी तुमीच भरलात. कागद तुमीच मागून व्हरलेलात."

"तां माका सांगू नको. डब्यांक घालूक दिल्लंस, वज्यात घालूक न्हय." मग तिने पदराखालून फोन काढला. "आत्ता विहिणीक फोन लावतंय. तू तुज्या तोंडान सांग, तू काय्येक करूंक ना म्हणान. माझ्या पोरीक थंय रवाचां आसा."

ह्यांनी खोलीतून डोकं बाहेर काढलं आणि परत आत नेलं. मी सुलभावयनीकडे बघितलं. मला मेघा दिसली, परक्या स्वयंपाकघरात उभी. मी फोन घेतला. सांगितलं की मी फक्त कागद दिले, केलं सगळं वयनीनेच, स्वतःच्या हाताने, मी साक्षीला होते. पलीकडून एक थंड आवाज आला, "असां काय? बरां." आणि फोन बंद झाला.

मला अजून त्या वाक्याचा राग येतो. विहिणीच्या नव्हे, माझ्या. 'मी नाही केलं.' आठवडाभर ओल्या लाकडांच्या धुरात बसून जे केलं ते मी नाही केलं. खोटं बोलणं सोपं असतं, पण स्वतःच्या हाताला नाकारणं वेगळं. आपण काही वाईट केलेलं नाकारलं तर निदान सुटल्यासारखं वाटतं. चांगलं केलेलं नाकारल्यावर तेवढंही वाटत नाही. सुलभावयनी फोन घेऊन गेली. पुन्हा आमच्या पायरीवर बसली नाही. समोर आली तर बोलते, पण वाणसामानाच्या दुकानदाराशी बोलावं तसं.

आणि हे ऐका. त्यानंतरच्या श्रावणात माझ्या फोनवर डिचोलीकडच्या बायकांची रीघ लागली. नंबर कुठून मिळाला विचारलं की सगळ्या गुळमुळीत बोलायच्या. मला नंतर कळलं, तो तेलकट कागद फेकण्याआधी वाड्यावरच्या बहुतेकींनी नंबर उतरवून घेतला होता. फळी, बस, सप्ताह, फोटो, पदेर, सगळं एका बाजूला आणि वज्याच्या तळाचा तो कागद एका बाजूला. हे म्हणाले, "बघ, जायरात लागू पडली." मी त्या दिवशी ह्यांना जेवायला वाढलं नाही. तांब्याही स्वतःच उचलून घेतला त्यांनी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तनूला लाटंबार्शेचं स्थळ आलं. चांगलं घर, भातशेती, काजूची बागायत, मुलगा नोकरीला. बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तनू स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. लहानपणी काही मोडलं की अशीच उभी राहायची.

"आई, तो फाटकावरचो बोर्ड काढशी?"

"कित्याक?"

"तसां ना गे. पण त्यांका आत्ताच कळाक नको. उद्यां तू कायय दिलंस तरी म्हणतले, विकूचांच आणून घातलां."

तिच्या शिक्षणाचा खर्च त्या फळीने केला होता. तिलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच ती माझ्याकडे न बघता बोलत होती. मी फळी काढली आणि लाकडांच्या मागे उलटी ठेवली. मला वाईट वाटलं. पण मुलीचं खरं होतं, हे त्याहून वाईट. मी स्वतः कितीतरी आयांना गप्प राहून वाचवलं होतं. आता माझी मुलगी मलाच गप्प राहायला सांगत होती. लग्न वैशाखात झालं. त्याच मांडवाच्या खांबांवर पुढच्याच आठवड्यात तनूच्या नणंदेचंही लग्न उरकलं तिच्या सासरच्यांनी. लग्नात सुलभावयनी आली, अक्षता टाकल्या आणि जाताना कानाशी म्हणाली, "चवथीक वजें आता कोणाकडसून हाडतलंस गे?" मी म्हटलं, "मीच करतलंय." ती म्हणाली, "व्हय, व्हय."

यंदा मी श्रावणात बाकीची कामं लवकर हातावेगळी केली आणि तनूच्या वज्याला बसले. हे वजें मात्र कुणाच्या मुरडीत नव्हतं. माझ्या आईची मुरड, बारीक, जवळजवळ, ती मी कधीच कुणाच्या पाटीत जाऊ दिली नव्हती. आई पारी लाटताना काही बोलायची नाही. चुकलं तर माझ्या हातातून नेवरी घ्यायची, उघडायची, पुन्हा देऊन टाकायची. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी मन लावून, कुठेही वाकडं न करता नेवऱ्या केल्या. एकही सैल नाही, एकही जास्त लाल नाही. तळून मांडल्या तेव्हा हे बराच वेळ उभे राहून बघत होते. म्हणाले, "फोटो काडूं?" मी म्हटलं, नको. या दाखवायच्या नाहीत, या पोरीच्या आहेत. पाटीच्या तळाला केळीचं पान घातलं. कागदाचा चिटोराही घरात राहू दिला नाही.

चवथीच्या काही दिवस आधी आम्ही दोघं पाटी घेऊन लाटंबार्शेला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, काजूच्या झाडांखाली काळोख. विहीणबाई मायाळू आहेत, खोटं कशाला बोलू. पाटी देवाजवळ ठेवली, हळदकुंकू लावलं, मग मला स्वयंपाकघरात नेलं. तनू चहा ठेवत होती. विहीणबाईंनी एक नेवरी मोडली, खाल्ली, डोळे मिटले. मला बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"बेस जाल्यात नेवऱ्यो," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "कोणाकडसून करून घेतल्यात?"

"मीच केलंय."

"तसांच सांगतत सगळी, विहीणबाई. सांगूकच व्हया. पण आता आपण दोगांच आसंव." त्यांनी एक नेवरी उचलून दुसरीवर ठेवली. कडा कडेला लागली. "बघा. घरच्यो नेवऱ्यो अश्यो येनत. एक ल्हान, एक मोठी, एक फुटकी. ह्यो सगळ्यो एका मापाच्यो. रोज करतल्या बायलेचो हात हो."

तनू चुलीकडे तोंड करून उभी होती. तिची मान किंचित हलली, नको म्हणून. मी काय सांगणार होते? रोज करणाऱ्या बाईचाच हात आहे, आणि ती बाई मीच, आणि तरीही हे आईच्याच हातचं आहे. तीनही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकत्र सांगण्यासारख्या नव्हत्या.

"नंबर दिया मगे तिचो," विहीणबाई म्हणाल्या. "माका व्हयो आसा."

तीच घात करणारी सवय. वर्षानुवर्षं जो नंबर मी बसमध्ये, देवळात, बाजारात, दिसेल त्या बाईच्या हातात कोंबत आले, तो कुणी मागितल्याबरोबर तोंडातून आपोआप निघाला, धंद्याच्या फोनचा. त्यांनी तो घेतला. नाव काय घालू विचारलं. मी काही सुचून बोलण्याआधी त्यांनीच घातलं, 'नेवऱ्यांची बाई'. चहा आला. आम्ही प्यालो. तनूने मला फाटकापर्यंत पोचवलं आणि माझा हात नुसता धरून ठेवला.

काल दुपारी तो फोन वाजला. पलीकडून हळू आवाज. "तूच ना गे ती?"

मी ओळखलं. मी फक्त "हं" म्हटलं. धंद्याच्या फोनवर मीही हळूच बोलते, इतकी वर्षं हळू बोलणाऱ्यांशी बोलून तसा आवाज झालाय. दार लोटल्याचा आवाज आला. मग त्यांनी सांगितलं की मुलीची पहिली चवथ आहे, वजें पाठवायचंय, कंबर धरलीय, बसवत नाही. कधी हवं ते सांगितलं. मी हं हं करत राहिले.

"आणि आयक," त्या म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या माहेरसून आयल्यात तश्यो करू नको हां. त्यो एकदम बाजारातल्यो दिसतत. जरा ल्हान-मोठ्यो, वाकड्यो-तिकड्यो कर. आवयन केल्ल्यो दिसूक व्हयो."

"करतंय," मी म्हटलं.

"कोणाक सांगू नको हां."

"ना. सांगना."

आज सकाळपासून बसले आहे. बाहेर हमरस्त्यावर कवंडळांचा भाव वाढलाय, गाड्या थांबतायत. परवा ही पाटी लाटंबार्शेच्या स्वयंपाकघरात भरली जाईल. तनू भरायला हात लावेल. तिला कळेल या कुणाच्या आहेत, आणि ती सासूच्या हाताचं कौतुक करील, कारण तिला तिथे राहायचं आहे. मी पहिली पारी लाटली, सारण घातलं, काठ दुमडायला घेतला. बोटांतून आईची मुरड यायला लागली, बारीक आणि सरळ. ती मी उघडली, आणि पुन्हा घातली, वाकडी.